मधेच खोली बदलताना

वैरागमधून मोठ्या दुखण्यासाठी निघालेल्या गाडीला दोनच दिशा असतात. एक बार्शीची, दुसरी सोलापूरची. बार्शी वीस-पंचवीस किलोमीटरवर, सोलापूर त्याच्या जवळजवळ दुप्पट. बार्शीला जगदाळे मामा हॉस्पिटल आहे, कॅन्सरसाठी नर्गिस दत्त आहे. सोलापुरात सिव्हिल आहे, अश्विनी सहकारी रुग्णालय आहे, शिवाय खासगी दवाखान्यांची रांगच आहे. कुठे जायचं यावर गाडीत बसेपर्यंत घरात भरपूर चर्चा होते. डॉक्टर कोण चांगला, गेल्या वर्षी अमक्याच्या आईला कुठे गुण आला, कुठे ओळख आहे, हे सगळं बोललं जातं. काउंटरवरचा माणूस मात्र फॉर्म पुढे सरकवून वेगळंच विचारतो : "जनरल, सेमी का स्पेशल?"

त्याचं उत्तर बहुधा सगळ्यात कमी विचार करून दिलं जातं. पेशंट स्ट्रेचरवर असतो, मुलगा पुण्याहून निघालेला असतो आणि सही करायला एखादा चुलतभाऊ किंवा जावई पुढे झालेला असतो. तो म्हणतो, "सध्या सेमी घ्या, पुढचं पुढं बघू." इथवर काही बिघडलेलं नसतं. खर्चाची खरी गोष्ट 'पुढचं पुढं बघू' पासून सुरू होते. तिसऱ्या दिवशी गावाकडून माणसं भेटायला येऊ लागतात. सेमी म्हणजे दोन खाटा आणि मध्ये पडदा. पलीकडच्या पेशंटचे पाहुणेही तेवढेच. कुणीतरी म्हणतं, "दिवसाला तीन हजारच जास्त आहेत, आईला स्पेशलमध्ये घ्या की." आणि आई वरच्या मजल्यावर जाते.

तीन दिवस, रोज तीन हजार जास्त, म्हणजे नऊ हजार. डिस्चार्जच्या दिवशी खिशातून जाणारी वाढ तीस हजारांच्या वर निघाली की घरचे काउंटरवर भांडतात. तिथला पोरगा हिशोबाचा कागद पुढे ठेवतो आणि बहुतेक वेळा त्या कागदात बेरजेची चूक नसतेच.

खासगी दवाखान्यात खोलीचं भाडं हा बिलाचा एक आकडा असतो, पण खोलीचा वर्ग हा साऱ्या बिलाचा दर असतो. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचा आकार, रोज राउंडला येणाऱ्या डॉक्टरांची व्हिजिट, काही ठिकाणी तपासण्यासुद्धा, हे सगळं जनरलला एक, सेमीला दुसरं आणि स्पेशलला तिसरं लागतं. डॉक्टर तोच, थिएटर तेच. यामागचा विचार जुना आहे आणि सगळाच वाईट नाही : ज्याला परवडतं त्याने थोडं जास्त द्यावं, म्हणजे जनरल वॉर्डचा दर खाली ठेवता येतो. या विचाराशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते हा दर ॲडमिट होताना कुणी नीट समजावून सांगत नाही याच्याशी. 2021 साली सुधारलेल्या महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांनी दवाखान्यांना दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे आणि रुग्णहक्कांची सनदही. फलक पुष्कळ ठिकाणी लागलेही आहेत. पण त्यावर खाटेचा दर वाचून माणूस पुढे जातो. मधेच वर्ग बदलला तर आधीच्या गोष्टींना कोणता दर लागेल, हे त्या फलकावर शोधून सापडेलच असं नाही.

या बाबतीत दवाखान्यांत एकच पद्धत नाही. काही ठिकाणी ज्या दिवशी जी सेवा घेतली, तिला त्या दिवशीच्या वर्गाचा दर लागतो. म्हणजे सोमवारी सेमीत असताना ऑपरेशन झालं तर ते सेमीच्या दरानेच राहतं आणि गुरुवारी स्पेशलला गेल्यावर फक्त गुरुवारपासूनची व्हिजिट आणि भाडं वाढतं. दुसऱ्या काही ठिकाणी मुक्कामात पेशंट ज्या सगळ्यात वरच्या वर्गात राहिला, त्या वर्गाने सगळंच बिल पुन्हा मांडलं जातं, झालेल्या ऑपरेशनसकट. बार्शीहून लालपरीने निघून वैरागला शिवशाहीत बसलं तर कंडक्टर वैरागपासूनचं तिकीट फाडतो. या दुसऱ्या पद्धतीत तिकीट बार्शीपासूनचं फाडलं जातं. उलट्या बाजूने, म्हणजे स्पेशलमध्ये असताना ऑपरेशन झालं आणि पैसे संपत आले म्हणून जनरलला आणलं, तर ऑपरेशन मात्र स्पेशलच्या दरावरच राहतं. खाली येण्याने मागचं काही स्वस्त होत नाही.

ज्यांच्याकडे मेडिक्लेम आहे त्यांच्यासाठी इथून पुढे आणखी एक पायरी आहे, आणि पाय तिथेच घसरतो.

'आरोग्य संजीवनी' ही विमा नियामकाने ठरवून दिलेली साधी, सगळ्या कंपन्यांकडे सारखी असलेली पॉलिसी एप्रिल 2020 पासून मिळते. तिच्यात खोलीभाड्याला विमा रकमेच्या 2 टक्के आणि जास्तीत जास्त 5,000 रुपये रोज अशी मर्यादा आहे. अतिदक्षता विभागाला 5 टक्के, जास्तीत जास्त 10,000. मंजूर रकमेतले 5 टक्के आपण भरायचे. दोन लाखांची पॉलिसी असेल तर खोलीला रोज 4,000 मिळतात. सहा हजारांची खोली घेतली तर वरचे दोन हजार आपल्या खिशातून जाणार एवढं कुणालाही कळतं. पण पॉलिसीत पुढचंही लिहिलेलं असतं : खोली मर्यादेच्या वर गेली तर खोलीशी जोडलेले इतर खर्चही त्याच प्रमाणात कापले जातील. सहाच्या जागी चार, म्हणजे दोन तृतीयांश. सर्जनच्या फीचेही दोन तृतीयांशच मिळणार.

आकडे मांडून बघू. हे आकडे मी हिशोबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, कुठल्या दवाखान्याचे नाहीत. अंगणात पाय घसरून आईचं खुब्याचं हाड मोडलं. सहा दिवसांचा मुक्काम. सेमी खोली रोज 3,000. सर्जन, भूल, थिएटर आणि व्हिजिट मिळून सेमीच्या दराने 60,000, स्पेशलच्या दराने 75,000. आत बसवलेली प्लेट-स्क्रू आणि औषधं, तपासण्या मिळून 70,000, यांना वर्गाचा फरक नाही. सहाही दिवस सेमीत राहिलं तर बिल 1,48,000. पॉलिसीतून 5 टक्के वजा जाता 1,40,600 मिळतात, खिशातून 7,400 जातात.

आता शेवटचे तीन दिवस रोज 6,000 च्या स्पेशल खोलीत. दवाखाना सगळं बिल वरच्या वर्गाने मांडणारा आहे. खोलीचे 27,000, डॉक्टर-थिएटरचे 75,000, औषधं वगैरे 70,000, शिवाय त्या तीन दिवसांच्या भाड्यावर 900 रुपये जीएसटी. एकूण 1,72,900. विमा कंपनी खोलीचे 21,000 धरते, 75,000 चे दोन तृतीयांश म्हणजे 50,000 धरते, औषधांचे 70,000 पूर्ण. झाले 1,41,000. त्यातून 5 टक्के गेले की हातात 1,33,950. खिशातून 38,950. म्हणजे नऊ हजारांच्या सोयीसाठी घराने 31,550 रुपये जास्त मोजले. त्यात गंमत अशी की बिल जवळजवळ पंचवीस हजारांनी वाढलं आणि कंपनीने आधीपेक्षा साडेसहा हजार कमी दिले.

हाच बदल सेवेच्या दिवशीचा दर लावणाऱ्या दवाखान्यात केला असता तर? ऑपरेशन सेमीच्या 60,000 वरच राहिलं असतं, आणि त्या दिवशीची खोली मर्यादेत असल्याने त्यावर कपातही नाही. शेवटच्या तीन दिवसांच्या व्हिजिटचा थोडा फरक सोडून देऊ. बिल 1,57,900 झालं असतं आणि खिशातून 14,450 गेले असते. वाढ 7,050 ची, म्हणजे दिसणाऱ्या नऊ हजारांपेक्षाही कमी, कारण मर्यादेपर्यंतचं भाडं कंपनी देतेच. तीच आई, तीच खोली, तीच पॉलिसी. एका दवाखान्यात 7,050, दुसऱ्यात 31,550. म्हणून वर जाण्याआधी काउंटरवर विचारायचा प्रश्न खोलीच्या भाड्याचा नाही. "झालेल्या ऑपरेशनला आता कुठला दर लावणार?" हा आहे. उत्तर फाईलवर लिहून घ्यावं. लिहून मागितलं की आधीचं उत्तर कधीकधी बदलतं, हाही अनुभव पुष्कळांचा आहे.

नियामकाने या कपातीला थोडा लगाम घातलेला आहे, पण तो फार कमी लोकांना ठाऊक असतो. जून 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधं, वापरून टाकायचं साहित्य, शरीरात बसवायची उपकरणं आणि तपासण्या यांना अशी प्रमाणात कपात लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या आकारालाही नाही. आणि ज्या दवाखान्यात खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत तिथे तर कपात मुळीच लावायची नाही. ही शेवटची गोष्ट तालुक्याच्या ठिकाणी फार कामाची आहे. छोट्या नर्सिंग होममध्ये डॉक्टरांची ऑपरेशनची फी पुष्कळदा एकच असते, खोली कुठलीही घ्या. तिथल्या पेशंटच्या क्लेममधून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या हिशोबाने कपात झाली तर दवाखान्याकडून 'आमच्याकडे खोलीनिहाय दर नाहीत' असं लेटरहेडवर घ्यायचं आणि कंपनीला पाठवायचं.

जीएसटीचा विषय निघालाच आहे तर तोही उरकून टाकू. 18 जुलै 2022 पासून रोज 5,000 रुपयांपेक्षा जास्त भाडं असलेल्या खोलीवर 5 टक्के कर लागतो. अतिदक्षता विभाग त्यातून वगळलेला आहे. कर वरच्या फरकावर नाही, पूर्ण भाड्यावर. त्यामुळे 4,800 च्या खोलीतून 5,200 च्या खोलीत गेलं तर रोजचा फरक 400 चा नसतो, 660 चा असतो. पाच हजारांच्या अगदी आसपासची खोली घेताना हे एकदा विचारलेलं बरं.

आतापर्यंत आपण हौसेने किंवा सोयीने केलेला बदल पाहिला. दुसरा बदल डॉक्टर सांगतात तो : वॉर्डातून आयसीयूत आणि आयसीयूतून परत वॉर्डात. इथे निवड नसते, पण खर्चाचे दोन बारीक फाटे असतात. पहिला, पेशंट आयसीयूत गेल्यावर खालची खोली सोडली की नाही. नातेवाइकांचं सामान, डबे, चादरी तिथेच असतात, रात्री पाठ टेकायला जागा हवी असते, आणि 'राहू दे, उद्या परत खाली आणतीलच' असं म्हणत खोली धरून ठेवली जाते. मग दोन्हीकडचं भाडं चालू राहतं. दुसरा फाटा थेट आयसीयूत भरती झालेल्यांचा. आयसीयूला स्वतःचा वर्ग नसतो, म्हणून अनेक दवाखाने भरती करतानाच विचारून ठेवतात की नंतर कुठल्या खोलीत जाणार, आणि आयसीयूतल्या डॉक्टरांच्या फीला त्याच वर्गाचा दर लावतात. घाबरलेला माणूस "स्पेशल द्या" म्हणून जातो. चार दिवसांनी पेशंट प्रत्यक्षात जनरलला गेला तरी ते चार दिवस स्पेशलचेच राहतात.

बदलाच्या दिवसाचं भाडं हाही एक कोपरा. काही ठिकाणी दिवस दुपारी बाराला बदलतो, काही ठिकाणी मध्यरात्री, काही ठिकाणी भरतीच्या वेळेपासून चोवीस तास मोजतात. संध्याकाळी सातला वर नेलं तर बहुतेक ठिकाणी तो सगळा दिवस वरच्या दराने धरला जातो. घाई नसेल तर सकाळपर्यंत थांबणं म्हणजे एका रात्रीचा फरक वाचणं. डिस्चार्जलाही हाच प्रश्न येतो : डॉक्टर सकाळी नऊला सोडतात आणि विम्याची मंजुरी संध्याकाळी येते. मे 2024 च्या परिपत्रकाने कंपन्यांना अंतिम मंजुरीसाठी तीन तास दिले आहेत, आणि त्यापुढच्या उशिरामुळे दवाखान्याने जादा आकार लावला तर तो कंपनीने भरायचा आहे.

दर सरकारने बांधून दिले की वॉर्ड बदलण्याचा खर्च किती उघडा होतो, हे आपण कोविडच्या काळात पाहिलं. 1 जून 2021 च्या आसपास राज्याने खासगी रुग्णालयांसाठी शहरांचे तीन गट पाडले. सोलापूर ब गटात आलं, बार्शीसारखी तालुक्याची गावं क गटात. क गटात साध्या वॉर्डातल्या विलगीकरणाला रोज 2,400 रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयूला 4,500 आणि व्हेंटिलेटरसह 5,400. सोलापुरात हेच आकडे 3,000, 5,500 आणि 6,700. या दरातच देखरेख, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण, नेहमीच्या रक्ततपासण्या, एक्स-रे, ईसीजी धरलेलं होतं. पीपीई किट, महागडी इंजेक्शनं, सीटी स्कॅन वेगळे. पेशंटला वॉर्डातून व्हेंटिलेटरशिवायच्या आयसीयूत नेलं तर उद्याचं बिल कितीने वाढणार हे बार्शीतल्या कुणालाही वजाबाकी करून सांगता येत होतं : 2,100. बिलं तपासायला सरकारी लेखापरीक्षक नेमले गेले होते, तक्रारी झाल्या, पैसे परतही करावे लागले. ती साथ गेली आणि दरबंदीही गेली. पण तिने एक दाखवलं : वॉर्ड बदलण्याचा खर्च आधी सांगता येत नाही असं जे म्हटलं जातं ते खरं नाही.

केंद्र सरकारच्या कर्मचारी-निवृत्तांसाठी असलेल्या सीजीएचएस योजनेतही हा फरक आकड्यांत बांधलेला आहे. सेमी-प्रायव्हेटचा दर पाया धरायचा, जनरलला 10 टक्के कमी, प्रायव्हेटला 15 टक्के जास्त, अशी पद्धत बरीच वर्षं होती. ऑक्टोबर 2025 च्या नव्या दरांत हा फरक दोन्ही बाजूंना 5-5 टक्क्यांवर आणला. भरती न होता केलेल्या तपासणीला तर वर्गाचा फरकच नाही. वर मी आईच्या हिशोबात सेमी-स्पेशलमध्ये पंचवीस टक्के धरले होते. सरकारला पाच पुरेसे वाटतात आणि बाजारात पंचवीसही चालून जातात, यातच दरपत्रक समजून घेण्याची गरज कळते.

सरकारी आरोग्य योजनांच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्याचा एक मान आहे. राज्याची जीवनदायी योजना, म्हणजे आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जुलै 2012 मध्ये पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. पुढे मात्र वैराग भागाच्या वाट्याला एक विचित्र गोष्ट आली. शुभ्र शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना योजनेत घेतलं ते चौदा जिल्ह्यांत, आणि त्यांत उस्मानाबाद होता, सोलापूर नव्हता. वैरागपासून थोडं पूर्वेला गेलं की जिल्ह्याची हद्द लागते. तिच्या पलीकडचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी योजनेत, अलीकडचा बाहेर. पाऊस दोघांना सारखाच न पडणारा. 2023 च्या निर्णयाने ही भिंत गेली. आता कार्डाचा रंग कुठलाही असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत.

या योजनेत वॉर्ड बदलण्याचा खर्च पेशंटला नसतो, कारण पॅकेज जनरल वॉर्डाच्या हिशोबाने बांधलेलं आहे आणि गरज पडल्यास आयसीयू, औषधं, प्लेट-स्क्रू, पेशंटचं जेवण त्यातच येतं. घरी जायचं एसटीचं भाडंसुद्धा धरलेलं आहे, हे फार थोडे मागतात. पण वरचे पैसे भरून त्याच पॅकेजवर स्पेशल खोली घ्यायची सोय त्यात नाही. ज्याला खोली हवी, त्याची केस योजनेतून निघून रोखीची होते, आणि मग पहिल्या दिवसापासूनचं बिल दवाखान्याच्या दराने लागतं. पाहुण्यांना बसायला जागा नाही म्हणून आईला वर नेणाऱ्या घराला हे तिसऱ्या दिवशी समजलं तर परतीची वाट अवघड होते. म्हणून रात्री भरती झाली तरी सकाळी काउंटरवर उरलेलं डिपॉझिट भरायच्या आधी, शिधापत्रिका आणि आधार घेऊन, दाराजवळच्या टेबलाशी बसणाऱ्या, योजनेच्या आरोग्यमित्राला गाठायचं. हा आजार पॅकेजात बसतो का आणि खोली बदलली तर काय होईल, हे दोन्ही त्याच्याकडूनच विचारून घ्यायचं.